गव्हर्नरसाहेबांचं शोकगीत

४ फेब्रुवारी

दादा,

कसा आहेस असं विचारत नाही, कारण उत्तर ऐकायची मला इच्छा नाही. जुन्या संदेष्ट्यांच्या हिब्रू काव्याचं माझं भाषांतर तुझ्या तपासणी समितीकडून काल परत आलं. पाकिटावर शिक्का आहे, ‘किरकोळ दुरुस्त्यांसह’. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत लाल पेन्सिल फिरली आहे, आणि ती पेन्सिल कोणाच्या हातात होती हे मला कोणी सांगायला नको. काना देताना इतका जोर देणारा आपल्या घराण्यात एकच माणूस आहे.

संदेष्ट्याने जिथे ‘राजा’ म्हटलंय तिथे तू ‘गर्विष्ठ मनुष्य’ केलंस. ‘फौज’चं ‘संकट’ झालं. ‘साम्राज्य’ शब्द तर तुला सापडेल तिथे तू खोडलास आणि वर लिहिलंस ‘ऐहिक मोह’. आणि ‘वेठ’? वेठीला तू ‘श्रम’ म्हणतोस. वेठीला श्रम म्हणणारा माणूस स्वतः कधी वेठीला गेलेला नसतो, तो वेठीला माणसं धाडणाऱ्याच्या टेबलावर जेवत असतो.

तुला हिब्रू येत नसतं तर मी गप्प बसले असते. पण आपण दोघं बाबांकडे, एकाच टेबलाशी, एकाच फाटक्या शब्दकोशात डोकी खुपसून शिकलो. तुझं माझ्यापेक्षा चांगलं होतं. बाबा हे पाहुण्यांसमोर बोलून दाखवायचे आणि मी आतून जळायचे. म्हणजे हे अज्ञान नाही. तुला प्रत्येक शब्दाचा अर्थ माहीत होता, आणि माहीत असूनच तू त्याच्या अंगावर पांघरूण घातलंस.

सोबतच्या टिपणात तू लिहितोस की हे काव्य ‘मुख्यतः आत्मिक स्वरूपाचं’ आहे. अरे, ही माणसं कुठे उभी होती ते विसरलास का? इवलंसं राज्य, आणि डोक्यावर जगातली सगळ्यात मोठी फौज. एक साम्राज्य गेलं की दुसरं यायचं. आणि दर वेळी दरबारात कोणीतरी शहाणा उठायचा आणि म्हणायचा, जुळवून घ्या, हेही देवाच्याच मनात असेल. संदेष्टे त्याला चारचौघांत खोटारडा म्हणायचे. कविता त्यांच्या उरल्या, शहाण्यांचं काही उरलं नाही.

तू काय म्हणणार तेही मला ठाऊक आहे. एका संदेष्ट्याने तर शरण जा असंच सांगितलं होतं, हे तू समितीत सांगतोस म्हणे. सांगितलं होतं, खरं आहे. पण त्यानेच पुढे त्याच साम्राज्याच्या नाशाचं काव्य लिहून काढलं, ते त्यांच्याच राजधानीत उभं राहून वाचायला माणूस पाठवला, आणि वाचून झाल्यावर ती गुंडाळी धोंडा बांधून त्यांच्याच नदीत बुडवायला लावली. एवढा भाग सांगायच्या वेळी तुझ्या समितीची चहाची वेळ होते का?

पानं परत पाठवते आहे. तुझ्या दुरुस्त्या मी खोडरबराने पुसल्या आहेत. कागद दोन-तीन ठिकाणी फाटला, त्याला इलाज नाही.

तुझी बहीण
(‘बहीण’ शब्द समितीला जड जात असेल तर दुरुस्त करावा)


२१ फेब्रुवारी

दादा,

आत्याचा लंबू गेला.

तुला तार मिळाली असेलच, पण तारेत काय लिहिणार. गेल्या हिवाळ्याच्या सुरुवातीला त्याला डोंगरातल्या बोगद्याच्या कामावर नेलं. नेलं म्हणजे पकडून नेलं. गल्लीच्या दोन्ही तोंडांना ट्रक लावले, तेव्हा तो दाढीचा साबण आणायला बाहेर पडला होता. आता छत कोसळलं म्हणतात. कामगार कचेरीचा माणूस आला आणि उंबऱ्याबाहेर उभा राहूनच म्हणाला, प्रेत मिळणार नाही, बोगद्याचा तो भाग बुजवून टाकलाय. मग म्हणाला, सही करा.

आत्याने सही केली. आपली आत्या, दादा. जिने हॉस्पिटलच्या वॉर्डात नर्स म्हणून एवढी वर्षं काढली, जिच्या आवाजाच्या धाकाने पेशंट लवकर बरे होतात असं बाबा म्हणायचे. वस्तीतलं कोणी गेलं की प्रार्थनागृहात शोकगीत तीच सुरू करायची. परक्यांच्या माणसांसाठी गायलीय ती. आणि पोटच्या लंबूसाठी तिने तोंड उघडलं नाही, कारण तोंड उघडायला बंदी आहे. सरकारी कामावर मेलेल्यांसाठी जाहीर शोक करायचा नाही, प्रार्थनेत नाव घ्यायचं नाही, गायचं नाही. हुकूम प्रार्थनागृहाच्या दारावरच चिकटवलाय. खाली सल्लागार मंडळाच्या सह्या आहेत, त्यातली तिसरी तुझी.

ती सही मी हाताने झाकायला गेले. का गेले कोण जाणे. आत्याने माझा हात बाजूला केला आणि वाचलं.

मी म्हणाले, “त्याला पुरतं कळलं नसेल गं, कशावर सही करतोय ते.”

“त्याला लहानपणापासून सगळं कळतं,” आत्या म्हणाली. “तोच तर घोळ आहे.”

लंबूला तू सायकल शिकवली होतीस. मागे धावत धावत अख्खा उतार उतरला होतास. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

आत्या आता माझ्याकडे राहते. दिवसभर माझ्या टेबलाशी बसून असते आणि मी काय करते ते विचारते. जुन्या लोकांत रडायची गाणी कशी होती, असं परवा विचारत होती. मी सांगितलं, त्यांची एक लंगडी चाल होती. ओळीचा पहिला तुकडा लांब, दुसरा आखूड, जसं हुंदक्याने वाक्य तुटतं. तिने बोटांनी टेबलावर ती चाल वाजवून पाहिली. आणखीही बरंच बोलणं झालं. ते तुला सांगण्यासारखं नाही.

गव्हर्नरसाहेबांच्या वाढदिवसाला इथल्या प्रार्थनागृहात आभाराचा कार्यक्रम करायचा आहे, आणि त्याला मंडळातर्फे तू येणार, असं पत्रक आलंय. जरूर ये. गायनाची जबाबदारी आत्याने मागून घेतली आहे. कचेरीला फार आनंद झाला.


१२ मार्च

दादा,

समारंभाचा वृत्तांत वर्तमानपत्रात वाचला. ‘पारंपरिक गीताने सांगता झाली.’ वाक्य तुझंच असणार. तू पहिल्या रांगेत होतास, पण तुला काही दिसलेलं दिसत नाही. म्हणून मी सांगते.

पहिलं म्हणजे, गव्हर्नरचा फोटो फुलांच्या मधोमध ठेवायची कल्पना ज्याची कोणाची होती त्याला आमचा सलाम. निम्मं काम त्यानेच केलं.

बायका उभ्या राहिल्या. तू बघितलं असशीलच त्या कोण होत्या. प्रत्येकीच्या घरातलं एकेक माणूस त्या बोगद्यात आहे, काही अजून खोदतायत, काही ढिगाऱ्याखाली. आत्याने पहिली ओळ उचलली. गाणं तुझ्या परिचयाचं होतं. माझ्या भाषांतरातलं तेच पान, ज्याच्यावर तू सगळ्यात जास्त लाल केलं होतंस. जगाला धाकात ठेवणारा राजा मेलाय आणि पृथ्वीने सुटकेचा श्वास टाकलाय, असं गाणं. आणि ते रचणाऱ्याच्या काळी राजा मेलेला नव्हता, चांगला धडधाकट गादीवर बसला होता, हेही तुझ्या परिचयाचं. संदेष्ट्यांनी तलवारी नव्हत्या म्हणून हे केलं. त्यांनी जिवंत साम्राज्याचं मर्तिक गायलं, लोकांना कळावं की हे मरणारं आहे.

मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. दुसऱ्या ओळीला तुला समजलं. तिसऱ्या ओळीला तू खुर्चीचा हात पकडलास.

आणि मग गव्हर्नरच्या फौजेचा कॅप्टन उठला. त्याला आपली भाषा येत नाही, पण रडणं कोणत्याही भाषेत रडणंच असतं. त्याला वाटलं कोणीतरी थोर माणूस गेलाय. त्याने टोपी काढली. तो उठला म्हणून शिपाई उठले, त्यांनीही टोप्या काढल्या. दादा, सगळी फौज बोडक्या डोक्याने उभी, फोटोत गव्हर्नर हसतोय, आणि बायका त्याला पुरतायत. आत्याने एक ओळ पदरची घातली, माझ्या भाषांतरात नव्हती ती: बोगदा खोदणारे खाली त्याची वाट बघत बसलेत, त्यांनी त्याच्यासाठी जागा राखून ठेवलीय. इतकं सुंदर मी आजवर काही पाहिलेलं नाही.

कॅप्टन तुझ्याकडे वाकला. मी बाजूच्या खांबाशी होते, मला ऐकू आलं. त्याने विचारलं, “कोण वारलं?”

तू म्हणालास, “एक जुना राजा. फार प्राचीन गीत आहे.”

त्याने गंभीरपणे मान हलवली आणि गाणं संपेपर्यंत टोपी घातली नाही.

नंतर मागच्या जिन्यात तू मला गाठलंस. तुझा घाम अजून वाळला नव्हता. “तुम्हा सगळ्यांना वाचवलंय मी, कळतंय का तुला?” असं म्हणालास.

“कळतंय.”

“मग निदान तसं तोंडाने म्हण.”

मी काही म्हटलं नाही आणि तू गाडीत जाऊन बसलास. का म्हटलं नाही ते आता लिहिते. तू खोटं बोलला असतास तर मी तुझ्या गळ्यात पडले असते. पण तू खोटं बोलला नाहीस. गाणं जुनं आहे, राजा जुना आहे, सगळं बरोबर. खरं बोलून एखाद्या गोष्टीला निर्जीव कसं करायचं हे तुला इतकं सहज येतं की मला तुझी भीती वाटली. आत्याने जीव ओतला आणि तू दोन वाक्यांत ती वस्तू संग्रहालयात नेऊन ठेवलीस.

आत्या भेटायला थांबली होती. तू तिच्याकडे न बघता गेलास. लंबूबद्दल एक शब्द बोलला असतास तर चाललं असतं, तिथे ऐकणारं कोणी नव्हतं.


३० मार्च
महिला तुरुंग

दादा,

पत्ता बघून दचकू नकोस, तुला माहीतच आहे. इथली पत्रं तपासून जातात आणि तपासणारं खातं तुझ्याच समितीच्या हाताखाली येतं, तेव्हा हे तुला दोनदा वाचायला मिळेल. तेवढंच बरं.

परवाच्या चौकशीबद्दल तू वहिनीला काय सांगितलंस ते मला ठाऊक नाही. तिला हे पत्र दाखव.

गाणं आठवड्याभरात बाजारात पोचलं. भाजीवाल्या गिऱ्हाईक नसताना ती चाल गुणगुणायला लागल्या. मग कोणीतरी कॅप्टनला अर्थ सांगितला. त्याला खरा राग गाण्याचा आला नव्हता, टोपीचा आला होता. आपल्याला एवढ्या लोकांसमोर टोपी काढायला लावली, हे त्याला झोपू देईना.

चौकशीच्या खोलीबाहेर व्हरांड्यात तू माझं मनगट धरलंस. “फक्त जुना राजा म्हण,” तू म्हणालास. “खोटं नाही ते. बाबांनीसुद्धा परीक्षेत हेच उत्तर बरोबर धरलं असतं. दोघी घरी जाल.”

बाबांना मध्ये आणायला नको होतंस.

आत माझ्या शेजारी आत्या, समोर कॅप्टन, टाइपरायटरशी बसलेला कारकून, आणि दुभाष्या म्हणून तू. कॅप्टनने विचारलं, हे गाणं कोणाबद्दल आहे. तू ते आपल्या भाषेत मला विचारलंस, आणि डोळ्यांनी विनवत होतास.

मी म्हणाले, “जुन्या राजाबद्दल. तो परक्या मुलखातून आला होता. माणसांना रस्त्यातून उचलून डोंगर फोडायला न्यायचा. मेलेल्यांसाठी त्यांच्या आयांना रडू द्यायचा नाही. आणि त्याच्याभोवती इथलीच चार शिकलेली माणसं असायची. ती त्याला सांगायची की लोक अगदी खूश आहेत.”

तू पहिलं वाक्य त्याच्या भाषेत सांगितलंस आणि थांबलास.

“बाई बरंच बोलल्या,” कॅप्टन म्हणाला.

“इतकंच,” तू म्हणालास.

टाइपरायटर थांबला. कारकुनाला दोन्ही भाषा येत होत्या. त्याने मान वर करून तुझ्याकडे पाहिलं, आणि मला त्याचीच दया आली, कारण काय टाइप करावं हे त्याला कळेना. तेव्हा आत्या बोलली. “अडकलास का रे? सांग की सगळं. लहानपणी तुझी टकळी बंद होत नव्हती.”

मग कॅप्टनने कारकुनालाच विचारलं, आणि त्या बिचाऱ्याने खाली बघत सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता.

बाकीच्या बायकांना दम देऊन घरी सोडलं. आम्हा दोघींना इथे आणलं. तुझ्या बाबतीत ‘दुभाष्याला थकवा’ अशी नोंद झाली, असं ऐकते. विश्रांती घे.

इथे आम्ही शिपायांच्या कोटांना बटणं लावतो. खोली लांबट आहे, भिंतींना कमरेपर्यंत हिरवा रंग, खिडक्या उंच. आत्याने पहिल्याच दिवशी सगळ्या बायकांच्या नाड्या तपासल्या आणि दोघींना सक्तीने झोपवलं. वॉर्डन बाई तिला ‘सिस्टर’ म्हणायला लागलीय.

मी भाषांतर तोंडपाठ करते आहे, कारण कागद एवढ्या पत्रापुरताच मिळतो. तू खोडलेले सगळे शब्द जागच्या जागी आहेत.


२७ जून

दादा,

वहिनी येऊन गेली. तुझा निरोप पोचला. उत्तर वाचायची घाई झाली असेल तर शेवटाकडे जा, पण माझी इच्छा आहे की तू सगळं वाचावंस.

सोमवारी सकाळी भोंगा वाजला, आम्हाला अंगणात उभं केलं आणि सांगितलं की गव्हर्नरसाहेब वारले. झोपेत गेले. काही त्रास झाला नाही म्हणे, सुखाचं मरण आलं. हे ऐकून मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही. ज्याने डोंगराखाली एवढी माणसं गाडली, त्याला गादीवर, उशी डोक्याखाली असताना मरण आलं. संदेष्ट्यांना हे सोसलं कसं, मला माहीत नाही. त्यांच्याही राजांपैकी बरेच जण गादीवरच मेले असणार.

मग वहिनी. साबण आणला, आत्यासाठी गुडघ्याचं तेल आणलं. बसली आणि रडायला लागली. मी म्हटलं आधी सांग तरी. तेव्हा तिने सांगितलं: मोठ्या चौकात सरकारी शोकसभा आहे. वरच्यांना असं दिसायला हवंय की इथले लोक मनापासून रडतायत. इथलं शोकगीत, इथल्या चालीत. मी लिहायचं आणि आत्याने गायचं. त्याच संध्याकाळी दोघींची सुटका.

“ह्यांनी फार खटपट केली हो यासाठी,” वहिनी म्हणाली. “कोणाकोणाचे पाय धरले. जेवण जात नाही त्यांना.”

ते मी खरं मानते. तू पाय धरले असशील. तू आमच्यासाठीच करतोस, दर वेळी आमच्यासाठीच करतोस, आणि दर वेळी तुझ्या करण्याने त्यांचंच काम होतं. वहिनीवर मी चिडले नाही. तिला दारापर्यंत पोचवलं.

आत्याच्या गुडघ्यांना सूज आहे. इथली थंड फरशी तिला सोसत नाही. म्हणून मी एकटीने ठरवलं नाही. आत जाऊन तिला सगळं सांगितलं, घरी जाता येईल हेही सांगितलं. ती दाताने दोरा तोडत होती.

“त्याला सांग,” ती म्हणाली, “या माणसाचं आमचं रडून झालंय. मार्चमध्येच. एकाच माणसाला किती वेळा रडायचं?”

खोलीतल्या बायका हसल्या. आत्याही हसली, आणि हसता हसता तिचा आवाज बदलला. तिने मांडीवरचा कोट बाजूला ठेवला. मग ती लंबूसाठी गायली. भर दुपारी, तुरुंगात, त्याचं खरं नाव घेऊन, पाळण्यात ठेवलेलं नाव, जे आपण कोणी कधी वापरलं नाही. गाणं कुठल्या पुस्तकातलं नव्हतं. तो किती उंच होता, दारातून येताना वाकायचा, भाताच्या तळाची खरपुडी त्यालाच लागायची, असलं सगळं त्यात होतं. चाल तेवढी जुनीच होती, दुसरा तुकडा तुटणारी.

वॉर्डन बाई दारात आली. बंदी तिलाही माहीत होती. ती उभी राहिली. मग दुसऱ्या एका बाईने आपल्या नवऱ्याचं नाव घातलं, तिसरीने भावाचं. दुपारभर चाललं. बटणं लागली नाहीत, त्याची शिक्षा आम्हाला झाली, ती आम्ही भोगतो आहोत. त्या दिवसापासून आत्या नीट जेवते.

मी नाही गायले. मला गाता येत नाही, आणि मला रडूही आलं नाही. मी भिंतीला टेकून बसले आणि तुझ्यावर चिडत राहिले, की तू तिथे नव्हतास. तुला हे ऐकायला मिळायला हवं होतं. बाबा असते तर म्हणाले असते, वही बाजूला ठेवा आणि ऐका.

तर शोकसभेसाठी दुसरं कोणी बघा. वाटल्यास तूच लिही. ‘ऐहिक मोह’ कालवश झाला असं लिही, तुझ्याच शब्दांत.

एक काम मात्र कर. बरीच वर्षं तू माझं एकही काम केलेलं नाहीस, एवढं कर. मार्चच्या गाण्यात आम्ही नाव घातलं नव्हतं, म्हणून तुला ‘जुना राजा’ म्हणता आलं. नव्या गव्हर्नरची नेमणूक झालीय आणि तो वाटेत आहे, असं वहिनी म्हणाली, पण नाव तिला नीट सांगता येईना. ते लिहून पाठव. सगळं नाव, पदव्यांसकट, आणि उच्चार कसा करायचा तेही सोडवून लिही. आत्याला ते चालीत बसवायचंय.

तुझी बहीण